यूएससीची बेसबॉल टीम: १२ टायटल्स आली कुठून आणि मग थांबली का

माझा एक जुना प्लेयर सध्या लॉस एंजेलिसला शिकतोय, आपल्याकडे असताना शॉर्टस्टॉपला, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधे उभा राहायचा. त्याने विचारलंय, "सर, इथले लोक सांगतात की युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया, म्हणजे यूएससी, हिच्या बेसबॉल टीमकडे १२ नॅशनल टायटल्स आहेत आणि देशात दुसऱ्या कुठल्याच कॉलेजकडे एवढी नाहीत. मग टीव्हीवर कायम एलएसयू (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी), टेनेसी, व्हँडरबिल्ट हीच नावं का? आणि एका कॉलेजने एवढं जिंकलं कसं, पैसा होता म्हणून का?"

प्रश्न चांगलाय. मी बरीच वर्षं महाराष्ट्रात पोरांना बेसबॉल आणि सॉफ्टबॉल शिकवतोय, आणि यूएससीचा इतिहास मी कोच म्हणून पुन्हा पुन्हा वाचलाय, कारण त्यातून शिकण्यासारखं खूप आहे, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो, सवडीने वाच.

पैशाचं आधी सांगून टाकतो. ज्या माणसाने त्या १२ पैकी ११ टायटल्स मिळवून दिली तो रॉड डेडो, कारकिर्दीतली बहुतेक वर्षं पगार म्हणून वर्षाला फक्त १ डॉलर घ्यायचा. त्याचा स्वतःचा ट्रकिंगचा धंदा होता, डार्ट नावाचा, ५०० डॉलरवर सुरू केलेला आणि पुढे प्रचंड वाढलेला. सकाळी धंदा बघायचा आणि दुपारी सूट बदलून ग्राउंडवर. १९४२ पासून १९८६ पर्यंत, ४५ सीझन. आपल्याकडे कोच तीन वर्षं टिकला तरी लोक टाळ्या वाजवतात, हा माणूस ४५ वर्षं एकाच टीमजवळ होता, आणि माझ्या मते यूएससीची अर्धी गोष्ट इथेच आहे.

डेडोच्या आधी काहीच नव्हतं असं नाही. डेट्रॉइट टायगर्स या व्यावसायिक टीमचा सॅम क्रॉफर्ड, जो आज हॉल ऑफ फेममधे आहे, तो विसाच्या दशकात यूएससीचा कोच होता. मग सॅम बॅरी आला. हा माणूस बेसबॉल आणि बास्केटबॉल दोन्ही टीम्स सांभाळायचा, बास्केटबॉलमधला जो ट्रँगल ऑफेन्स पुढे शिकागो बुल्सने गाजवला त्याचं मूळ याच बॅरीकडे जातं, कारण टेक्स विंटर त्याच्या हाताखाली यूएससीत खेळलेला. डेडो पण बॅरीच्याच हाताखाली खेळलेला, यूएससीचा शॉर्टस्टॉप. कॉलेज संपल्यावर १९३५ मधे तो ब्रुकलिन डॉजर्सकडून २ मॅच खेळला, तेव्हा तिथे मॅनेजर होता केसी स्टेंगल, मग पाठीच्या दुखापतीने खेळणं संपलं. दुसऱ्या महायुद्धात बॅरी नेव्हीत गेला तेव्हा टीम डेडोच्या हातात आली, बॅरी परत आल्यावर दोघांनी मिळून चालवली आणि १९५० मधे बॅरी वारल्यावर पूर्ण जबाबदारी डेडोवर.

पहिलं टायटल १९४८ चं, दोघं बरोबर असतानाचं. कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेचा शेवटचा टप्पा, तेव्हा नुकतीच सुरू झालेली, हे दुसरंच वर्ष, आणि ती आजच्यासारखी नेब्रास्कातल्या ओमाहाला नाही तर मिशिगनमधल्या कॅलमझूला व्हायची. समोर येल. येलचा कॅप्टन आणि फर्स्ट बेसमन कोण होता माहितीय? जॉर्ज बुश, थोरले, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले ते. पहिल्या मॅचमधे शेवटच्या इनिंगला येलचे तिन्ही बेस भरलेले, एकही आऊट नाही, आणि पुढचा नंबर बुश यांचा. यूएससीने तिथे ट्रिपल प्ले केला, म्हणजे एकाच बॉलवर तिघं आऊट, मॅच खलास, बुश बॅट हातात घेऊन वाट बघत राहिले. तीन मॅचची सिरीज यूएससीने २-१ जिंकली.

जुनी टीम बोवार्ड फील्डवर खेळायची, कॅम्पसच्या आतच. २६ मार्च १९५१ ला तिथे न्यूयॉर्क यँकीज सरावाची मॅच खेळायला आले, मॅनेजर तोच स्टेंगल, डेडोचा जुना दोस्त. यँकीजकडे १९ वर्षांचा एक पोरगा होता, मिकी मँटल, मेजर लीगमधे, म्हणजे सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगमधे, अजून एकही मॅच न खेळलेला. त्याने त्या दिवशी २ होमरन मारले, त्यातला एक कुंपणाच्या पलीकडे बाजूच्या फुटबॉलच्या ग्राउंडवर जाऊन पडला. किती फूट गेला यावर लोक अजून भांडतात. यूएससीची धुलाई झाली, पण विचार कर, कॉलेजच्या पोरांना असला बॅट्समन पिचरच्या जागेवरून, ६० फुटांवरून बघायला मिळाला. डेडो अशा मॅचेस मुद्दाम मिळवायचा. आपल्यापेक्षा फार वरच्या टीमशी हरल्याने पोरं खचतात असं आपल्याकडे बऱ्याच कोचना वाटतं, मला ते अजिबात पटत नाही.

आता टायटल्सचा हिशोब. १९४८, मग १९५८, १९६१, १९६३, १९६८, आणि मग १९७० ते १९७४ सलग पाच. सलग पाच! आजपर्यंत दुसऱ्या कुठल्या कॉलेजने सलग तीनसुद्धा जिंकलेली नाहीत. मग १९७८. आणि डेडो निवृत्त झाल्यावर १९९८ चं बारावं.

त्या सलग पाचातले फायनलचे स्कोअर बघ म्हणजे तुला कळेल मी काय म्हणतोय. १९७० मधे फ्लोरिडा स्टेटला २-१, तेही १५ इनिंग खेळून. १९७२ मधे ॲरिझोना स्टेटला १-०. १९७३ मधे परत ॲरिझोना स्टेटला ४-३. १९६८ मधे पण सदर्न इलिनॉयला ४-३ होतं. या काही दणदणीत विजयांच्या मॅचेस नाहीत. एका रनच्या मॅचेस आहेत, आणि एका रनची मॅच कोण जिंकतं, तर ज्याच्या पोरांना सातव्या-आठव्या इनिंगला पण माहीत असतं की बॉल आपल्याकडे आला तर कुठे टाकायचा. डेडोचं सगळं कोचिंग याच्यावर उभं होतं. हातातून बॉल सुटला तर तो फार काही बोलायचा नाही, पण डोक्याने चूक केली, आऊट किती झालेत ते विसरला, चुकीच्या बेसला टाकला, कोचची साइन (खूण) बघितली नाही, तर ते त्याला चालायचंच नाही. लोक म्हणतात एकदा केलेली चूक पुन्हा करू नये, डेडो पोरांना सांगायचा की ती चूक पहिल्यांदा सुद्धा करू नका. वाचायला सोपं वाटतं पण याचा अर्थ असा की चूक मॅचमधे व्हायच्या आधी ती परिस्थिती प्रॅक्टिसमधे येऊन गेलेली पाहिजे.

तुला आठवत असेल, आपण फर्स्ट आणि थर्डवर रनर ठेवून तासन्‌तास काय करायचो. फर्स्टवाला सेकंड बेस चोरायला, म्हणजे पिच पडत असतानाच तो गाठायला पळतो, कॅचर सेकंडला थ्रो करतो, तेवढ्यात थर्डवाला होमला सुटतो. शॉर्टस्टॉपने पुढे येऊन मधेच बॉल कापायचा की सेकंडपर्यंत जाऊ द्यायचा, हे ठरवायला अर्धा सेकंद पण मिळत नाही. विचार करायला वेळच नसतो, त्यामुळे विचार आधी करून ठेवावा लागतो, स्कोअर काय, आऊट किती, थर्डवाल्याचे पाय कसे आहेत, हे सगळं पिचरने हात उचलायच्या आत डोक्यात पाहिजे. तू कंटाळायचास ते मला माहितीय. पण यूएससीची सत्तरच्या दशकातली टीम जी जिंकली ती या अर्ध्या सेकंदात जिंकली.

१९७३ ची सेमीफायनल तर मी दरवर्षी नव्या पोरांना सांगतो. मिनेसोटा विरुद्ध यूएससी. मिनेसोटाचा पिचर डेव्ह विनफिल्ड, साडेसहा फूट उंच, पुढे मेजर लीगमधे ३००० च्या वर हिट्स मारून हॉल ऑफ फेमला गेला, पण कॉलेजमधे तो पिचिंग पण करायचा आणि त्या दिवशी तो खेळूच देत नव्हता. आठ इनिंग संपल्या तेव्हा यूएससीचे रन शून्य आणि १५ जण स्ट्राइकआऊट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन आऊट. मिनेसोटा ७-० ने पुढे. शेवटची इनिंग, ७ रन हवेत बरोबरीला, कुठलीही टीम इथे बॅगा भरायला घेते.

यूएससीच्या पोरांनी काय केलं, मोठा फटका कोणीच शोधला नाही. एक हिट, मग अजून एक. विनफिल्डने तोपर्यंत १४० च्या आसपास किंवा जास्तच बॉल टाकले असावेत, आणि पिचर दमला की ते आधी हाताच्या उंचीवर दिसतं, कोपर खाली येतं, मग जो बॉल गुडघ्याजवळ जात होता तो मांडीला, मग कमरेला यायला लागतो. डगआउटमधून, म्हणजे टीम बसते तिथून, बघणाऱ्याला हे दिसलं पाहिजे. फर्स्ट बेसला एक वादग्रस्त निकाल यूएससीच्या बाजूने गेला, ते पण खरं, नशीब लागतंच. मग विनफिल्डला पिचिंगवरून काढून लेफ्ट फील्डला पाठवलं आणि तिथून तो बघत राहिला की रन कसे येतायत. एका इनिंगमधे ८ रन, यूएससी ८-७ ने जिंकली आणि मग फायनल पण. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू मात्र विनफिल्डलाच ठरवलं गेलं आणि ते योग्यच होतं. त्या यूएससीच्या टीममधे फ्रेड लिन होता, रॉय स्मॉली होता, रिच डाउर होता, तिघंही पुढे मेजर लीगमधे नाव कमावून गेले. लिन तर १९७५ मधे एकाच वर्षी लीगचा सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडू दोन्ही झाला, तसं त्याच्याआधी कोणालाच जमलं नव्हतं.

टॉम सीव्हरचं पण सांगायलाच पाहिजे. तो काही शाळेतला स्टार वगैरे नव्हता, फ्रेझनोच्या साध्या दोन वर्षांच्या कॉलेजातून आलेला. डेडोने त्याला स्कॉलरशिप द्यायच्या आधी उन्हाळ्यात अलास्काला पाठवला, गोल्डपॅनर्स नावाच्या टीमकडून खेळायला, तिथे टिकला तर घेतो. टिकला. १९६५ ला यूएससीकडून १० मॅच जिंकल्या, २ हरल्या. पुढच्या वर्षी अटलांटा ब्रेव्हजने त्याला करारबद्ध केलं, पण कॉलेजचा सीझन सुरू झाल्यावर करार केला म्हणून बेसबॉलच्या कमिशनरने तो रद्द केला, आणि आता कॉलेजवाले पण खेळू देईनात, कारण व्यावसायिक करारावर सही केलीय. पोरगा मधल्या मधे लटकला. शेवटी ठरलं की ब्रेव्हजच्या करारएवढे पैसे द्यायला जी टीम तयार असेल तिने नाव द्यावं, तीन टीम्सनी दिलं आणि चिठ्ठी काढली. चिठ्ठी न्यूयॉर्क मेट्सची निघाली. तीन वर्षांनी, १९६९ ला, कायम शेवटी असणारी ती मेट्स वर्ल्ड सिरीज जिंकली आणि सीव्हर तिचा मुख्य पिचर होता. कारकिर्दीत ३११ विजय.

पुढे ऐंशीच्या दशकात मार्क मॅग्वायर आला, तो पण पिचर म्हणून, आणि मग बॅटिंगकडे वळला. १९८४ च्या सीझनमधे ३२ होमरन. रँडी जॉन्सन त्याच काळातला, ६ फूट १० इंच उंच, भन्नाट वेग आणि बॉल कुठे जाईल याचा भरवसा नाही. गंमत म्हणजे दोघं एकत्र असताना टायटल नाही मिळालं. नुसतं टॅलेंट जमा करून टायटल येत नाही हे मी पोरांना सांगतो तेव्हा हेच उदाहरण देतो, कारण यापेक्षा मोठं टॅलेंट एका कॉलेजच्या टीममधे क्वचितच बसलं असेल. डेडोने १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला अमेरिकेची टीम पण सांभाळली, बेसबॉल तेव्हा प्रदर्शनीय खेळ होता, फायनलला जपानकडून ६-३ ने हरले. जपानशी त्याचं नातं जुनं होतं, १९६४ च्या टोकियोला पण तोच टीम घेऊन गेलेला आणि १९७२ पासून दोन्ही देशांच्या कॉलेज टीम्सची जी मालिका सुरू झाली त्यामागे पण तो होता.

१९८६ ला तो थांबला तेव्हा १३३२ विजय होते, तोवर कॉलेज बेसबॉलमधे कुठल्याच कोचचे एवढे नव्हते. नंतर माइक गिलेस्पी आला, १९६१ च्या विजेत्या टीममधला प्लेयर. त्याने १९९८ ला बारावं टायटल आणलं आणि फायनलचा स्कोअर काय, तर २१-१४, समोर परत ॲरिझोना स्टेट. १९७२ ला याच दोन टीम्समधे १-० झालेलं. मधे काय बदललं, तर बॅट. ॲल्युमिनियमच्या बॅट एवढ्या हलक्या आणि एवढ्या जोरात मारणाऱ्या झाल्या होत्या की पिचर्सना अक्षरशः धोका होता. त्यानंतर नियम कडक केले, इंचातली लांबी आणि औंसातलं वजन यात ३ पेक्षा जास्त फरक नको वगैरे. २००१ ला मार्क प्रायर, १५ विजय, १ हार, २०२ स्ट्राइकआऊट, आणि त्या वर्षी टीम ओमाहाला गेली. त्यानंतर नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न, थांबलं का. माझं मत स्पष्ट आहे, यूएससी खराब झाली असं नाही, खेळाची अर्थव्यवस्था बदलली आणि ती नेमकी यूएससीसारख्या कॉलेजच्या विरोधात बदलली. सत्तरच्या दशकात स्कॉलरशिपवर मर्यादा आल्या, नव्वदच्या दशकापासून तर अख्ख्या टीमला मिळून ११.७ स्कॉलरशिप. म्हणजे ज्या पोराला फुटबॉलमधे पूर्ण फी माफ व्हायची तसाच बेसबॉलचा पोरगा पाव किंवा अर्ध्या स्कॉलरशिपवर, बाकीची फी आईबापाने भरायची. यूएससी खाजगी, तिथली फी किती असते ते तू स्वतःच बघतोयस. आणि तीसेक मैलांवर कॅल स्टेट फुलर्टन, सरकारी, फी कितीतरी कमी, कोच ऑगी गॅरिडोसारखा जबरदस्त. फुलर्टनने १९७५ मधे मोठ्या गटात पाऊल ठेवलं आणि पहिल्याच वर्षी यूएससीला हरवून ओमाहाला गेले, यूएससीची सलग पाचाची मालिका तिथेच तुटली. १९७९ ला त्यांचं स्वतःचं टायटल. जो पोरगा आधी डोळे झाकून यूएससीला गेला असता त्याला आता घराजवळ स्वस्तात तेवढंच चांगलं बेसबॉल मिळायला लागलं.

दुसरीकडे लुइझियाना, टेनेसी, जॉर्जिया या राज्यांनी स्वतःच्या पोरांना मार्कांवर फीमाफी सुरू केली, ती त्या ११.७ मधे धरली जायची नाही. एलएसयूच्या स्टेडियमला १०,००० माणूस येतो, कॉलेजच्या मॅचला! यूएससीला लॉस एंजेलिसमधे डॉजर्सशी, लेकर्सशी आणि स्वतःच्याच फुटबॉल टीमशी स्पर्धा. एलएसयूची २०२५ पर्यंत ८ टायटल्स झालीत आणि ती सगळी १९९१ पासूनची आहेत, यावरून वारा कुठून कुठे फिरला ते दिसतं. आणि जुन्या काळी स्पर्धाही कमी होती हे पण मान्य करायला पाहिजे, उत्तरेकडच्या राज्यांत मार्चपर्यंत बर्फ आणि कॅलिफोर्नियात बारा महिने प्रॅक्टिस. पण ऊन तर कॅलिफोर्नियातल्या सगळ्याच कॉलेजेसना सारखं मिळत होतं, एवढी टायटल्स जिंकली एकच.

हल्ली थोडं चांगलं चाललंय. २०२४ मधे यूएससी बिग टेन कॉन्फरन्समधे, म्हणजे कॉलेजेसच्या एका लीगमधे, गेली आणि २०२५ ला दहा वर्षांनी राष्ट्रीय स्पर्धेत परत दिसली. स्कॉलरशिपचे नियम पण बदललेत, ११.७ ची अट गेली, आता टीममधे ३४ जण एवढीच मर्यादा मानणाऱ्या कॉलेजेसना आहे आणि त्या सगळ्यांना कॉलेजला वाटलं तर पूर्ण मदत देता येते. श्रीमंत खाजगी कॉलेजला याचा फायदा व्हायला हवा. पाच-सहा वर्षांत कळेल.

आणि आपल्याशी असलेला एक धागा, जो इथल्या बेसबॉलवाल्यांनाही नीट माहीत नसतो. २००८ मधे भारतात जोरात बॉल टाकणाऱ्यांची स्पर्धा घेतली गेली, त्यातून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोघं निवडले गेले, दोघंही उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू, बेसबॉल कधी हातात न घेतलेले. त्यांना अमेरिकेत नेऊन शिकवलं कुठे, तर यूएससीत, टॉम हाउसकडे. हाउस स्वतः यूएससीचा जुना पिचर, १९७४ ला हँक आरनचा विक्रमी ७१५ वा होमरन बुलपेनमधे, म्हणजे राखीव पिचर सराव करतात तिथे, झेलणारा माणूस तोच, पुढे नोलन रायनचा पिचिंग कोच, आणि मानसशास्त्रात डॉक्टरेट. भाला फेकताना पळत येऊन अंग मागे झुकवून फेकायचं असतं आणि इथे पिचरच्या टेकाडावर उभं राहून एका पायावर तोल सांभाळत खाली उतरायचं, तर त्या पोरांना खांद्याचा जोर होता पण खालचं अंग पूर्ण नव्याने शिकवावं लागलं. त्याच वर्षाच्या शेवटी पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांना करारबद्ध केलं आणि २००९ मधे ते त्यांच्या सगळ्यात खालच्या लीगमधे खेळले. मेजर लीगपर्यंत कोणी गेलं नाही, रिंकू नंतर कुस्तीच्या शोमधे गेला, पण बॉल हातात धरल्यापासून वर्षभरात व्यावसायिक करार ही फार मोठी गोष्ट आहे. टॉवेल घेऊन जो पिचिंगचा ड्रिल मी तुमच्याकडून करून घ्यायचो, ज्यात बॉलऐवजी हातात टॉवेल धरून समोर कोणीतरी पुढे केलेल्या ग्लोव्हवर त्याचं टोक आपटायचं, तो हाउसच्याच शिकवण्यातून जगभर पसरलेला आहे.

फेब्रुवारीत सीझन सुरू झाला की एखादी मॅच बघून ये, पण मॅचच्या तासभर आधी जा आणि इनफिल्डची प्रॅक्टिस बघ. शॉर्टस्टॉप बॉल यायच्या आधी कुठे बघतो, पाय कसे ठेवतो आणि दोन बॉलच्या मधे सेकंड बेसमनशी काय बोलतो, त्याचा जमला तर व्हिडिओ काढून पाठव, या वर्षीच्या आपल्या टीमला दाखवायचाय.